घोडा, बैल, गाय आणि शेवटी कुत्रा : आपल्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्याचा इतिहास

ऐकताना साल आणि आकडे निसटतात अशी तक्रार येते, म्हणून नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे बंड्या नावाचं तीन महिन्यांचं पिल्लू होतं. एके सकाळी त्याने दूध-भाकरी सोडली. दुपारी उलट्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब. तात्यांनी लगेच आमच्या गोठ्यावर येणाऱ्या 'डॉक्टरां'ना फोन लावला. ते मोटारसायकलवर आले, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "सकाळी उठेल." सकाळी नाही उठला. दुसऱ्या दिवशी तेच इंजेक्शन परत. तिसऱ्या दिवशी मी त्याला पोत्यात गुंडाळून बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पार्व्हो आहे. दोन दिवस आधी यायला पाहिजे होतं." बंड्या त्याच रात्री गेला.

कितीतरी दिवस त्या गोठ्यावर येणाऱ्या माणसाचा राग डोक्यात होता. मग एकदा शांतपणे विचार केला. ते गृहस्थ गायी भरवायला येतात. कृत्रिम रेतनात त्यांचा हात चांगला बसलेला आहे. त्यांना 'डॉक्टर' कुणी केलं? आम्हीच. आपल्या इंदापूर-बारामतीकडे जनावराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस 'डॉक्टर' असतो. असं का झालं, ते शोधायला लागलो आणि थेट फ्रान्सपर्यंत पोचलो.

1761 साल. जानेवारीत पानिपत झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या राजाने ल्यों शहरात जनावरांच्या वैद्यकाची शाळा काढायला परवानगी दिली. आधुनिक पद्धतीची जगातली ही पहिली शाळा. काढणारे क्लोद बूर्जला हे घोड्यांचे माणूस, घोडेस्वारीची अकादमी चालवायचे. पण राजाने परवानगी दिली त्यामागचं मोठं कारण होतं गुरांची साथ. म्हणजे या विद्येच्या जन्मापासून घोडा आणि बैल दोघेही आहेत. कुत्रा नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या राज्यगीतात भीमथडीच्या घोड्यांचा उल्लेख येतो. ही भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा आपलाच मुलूख. बारामती-दौंडकडच्या भागाला जुन्या सरकारी कागदांत 'भीमथडी तालुका' म्हणायचे, आणि इंदापूर त्याच्या शेजारचा तालुका. ही बुटकी, काटक घोडी मराठ्यांच्या फौजांत होती आणि आजही धनगरांच्या वाड्यासोबत सामान वाहताना दिसतात. घोडा म्हणजे राज्य, त्यामुळे पहिला वैद्यही घोड्याचाच. शालिहोत्र हे नाव ज्या जुन्या अश्ववैद्यकाला मिळालं, त्यावरूनच घोड्याच्या वैद्याला उत्तरेत 'सलोत्री' म्हणू लागले.

इंग्रजांनी हाच क्रम पुढे चालवला. 1862 मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली. कशासाठी? रिसाल्याच्या आणि तोफखान्याच्या घोड्यांसाठी. या शाळेशी हॅलन नावाच्या अधिकाऱ्याचं नाव जोडलेलं आहे. पुढे गुरांच्या साथींची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, त्याचेही प्रमुख हेच हॅलन. आयोगाचा अहवाल आला 1871 मध्ये. एकाच माणसाच्या नोकरीत सरकारची नजर घोड्यावरून बैलाकडे वळलेली दिसते.

बैलाकडे वळायला कारण होतं बुळकांडी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा शब्द त्यांना माहीत असेल. ताप, तोंडात फोड, जुलाब, आणि काही दिवसांत अख्खा गोठा रिकामा. बैल मेले की नांगर थांबतो, मोट थांबते, आणि शेतसाराही थांबतो. त्यामुळे 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो तिथे, गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा उघडली. पण इतक्या सांसर्गिक रोगांचं काम गावात नको म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. पुढे 1954 पासून देशभर बुळकांडीच्या लसीकरणाची मोहीम चालली. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 मध्ये हा रोग जगातूनच गेला. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग. गावोगावी फिरून लस टोचणाऱ्या लोकांचं ते यश आहे.

मग कुत्रा कुठे होता? मुंबईत होता, आणि भांडण लावून बसला होता! 1832 च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मुंबईत दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. पुढे 1874 मध्ये तिथे प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था निघाली, सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई हॉस्पिटल उभं राहिलं, आणि त्याला जोडूनच 1886 मध्ये बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. शहरात कुत्र्या-मांजरासाठी दवाखान्याची सवय अशी लागली. पण त्या कॉलेजातून शिकून जिल्ह्यात आलेल्या डॉक्टरसमोर उभी राहायची ती बैलगाडीच.

आपल्या भागाला आजचा आकार दिला तो पुढच्या दोन घटनांनी. पहिली, 1 मे 1962. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावाकडचे दवाखाने त्यांच्याकडे आले. पाटीवर 'श्रेणी-1' किंवा 'श्रेणी-2' लिहिलेलं असतं ना? ती केवळ सरकारी भाषा नाही. श्रेणी-1 म्हणजे तिथे पदवीधर पशुवैद्यक, पशुधन विकास अधिकारी. श्रेणी-2 म्हणजे पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेले पर्यवेक्षक. लसीकरण, प्रथमोपचार, रेतन ही त्यांची कामं.

दुसरी घटना 1967 ची. आपल्याच सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 'बाएफ' ही संस्था काढली. संकरित गाय तयार करायची आणि रेतनाची सोय थेट शेतकऱ्याच्या दारात न्यायची, ही त्यांची कल्पना. गाय दवाखान्यात नेण्याऐवजी माणूसच गोठ्यावर यायला लागला. त्यातून आपल्याकडे दूध वाढलं. आज दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर किती पोरांची शिक्षणं झाली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्याच पद्धतीतून मोटारसायकलवरचा 'डॉक्टर'ही आला. बंड्यासाठी तात्यांनी ज्यांना फोन केला ते.

आणि त्यात हिशोबही होता. गाय आजारी पडली तर रोजचं किती लिटर बुडालं ते सांगता येतं, म्हणून डॉक्टरची फी निघते. कुत्रा राखणीला, उरलेल्या भाकरीवर. त्याच्यासाठी कुणी पावती फाडत नव्हतं. कुत्रं अंगणातून घरात आलं, सोफ्यावर बसलं, तेव्हा कुठे त्याच्यासाठी वेगळे दवाखाने निघायला लागले. क्रमात तो शेवटचा, म्हणून त्याची सोयही सगळ्यात विरळ.

कायदा मात्र स्पष्ट आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला. पदविका किंवा प्रमाणपत्रवाल्यांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. रक्ताचे जुलाब लागलेलं पिल्लू ही किरकोळ सेवा नव्हे.

आता हा सगळा इतिहास हाताशी धरून दवाखान्यांची तुलना करू. गावातला सरकारी दवाखाना स्वस्त आणि जवळचा. लस, जखम, जंताचं औषध यासाठी उत्तम, फक्त पाटीवरची श्रेणी वाचा. तालुक्याच्या गावचा दवाखाना त्याच्या वरची पायरी, पण तिथल्या डॉक्टरांचा बहुतेक दिवस गायी-म्हशींत जातो. बारामतीसारख्या शहरात कुत्र्या-मांजरांचे खाजगी दवाखाने आहेत. इंदापूरहून अंतर पन्नासेक किलोमीटर, खर्च जास्त, पण सलाईनवर ठेवायची आणि रक्त तपासायची सोय मिळण्याची शक्यताही जास्त. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणे, किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. 1988 पासूनचं हे कॉलेज, आणि शिकवण्यासाठी तिथे रुग्णालयही आहे. 1962 या टोल-फ्री नंबरवर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं, पण ते मुख्यतः गुराढोरांसाठी. यातलं कुठलंच वाईट नाही. प्रत्येक जण वेगळ्या जनावरासाठी तयार झालाय, एवढंच.

दवाखाना निवडताना मी आता पाच गोष्टी विचारतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक काय? रोज कुत्री-मांजरं किती तपासता? लस 2 ते 8 अंश तापमानात राहावी लागते, तर लाइट गेल्यावर फ्रिजचं काय करता? पार्व्होचं पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं ठेवता का? आणि रात्री फोन उचलता का, नसेल तर कुणाकडे पाठवता? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. 'हे आमच्याकडे होणार नाही, अमुक ठिकाणी न्या' असं वेळेत सांगणारा डॉक्टर तर मला सगळ्यात मोठा वाटतो. आम्हाला त्या पहिल्या संध्याकाळी हे एकच वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

कारण पार्व्होवर थेट औषध नाही. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू पोटातलं सगळं पाणी काढून घेतो. वेळेत सलाईन आणि देखभाल मिळाली तर बरीचशी पिल्लं वाचतात, नाही मिळाली तर बहुतेक जातात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करायची, आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचे डोस. बंड्याला एकही डोस दिलेला नव्हता. ती चूक ना त्या मोटारसायकलवाल्यांची, ना बारामतीच्या डॉक्टरांची. ती आमची.

पुढच्या महिन्यात घरी नवीन पिल्लू येतंय. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही, म्हणून फरशी ब्लीचने धुतली आणि पिल्लाला लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत अंगणात सोडायचं नाही असं ठरलंय. दवाखानाही आधीच बघून ठेवलाय, जायचा रस्ता आणि रात्रीचा फोन नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलाय. लिहिलाय तात्यांनी. गायी भरवायला येणाऱ्या काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "बरं केलं. मलाही दे नंबर. लोक मलाच फोन करतात ना."

मी त्यांना नंबर दिला. तुमच्या गावातल्या अशा काकांनाही जवळच्या चांगल्या दवाखान्याचा नंबर देऊन ठेवा. भेटू पुढच्या भागात.