भायखळा-परळचा जुना मतदारसंघ

इतिहासाच्या ज्या खुणा दगडामातीत उरतात त्यांचे संशोधन करणारे पुष्कळ असतात. किल्ला पडला तरी बुरूज राहतो, देऊळ मोडले तरी पायरी राहते. परंतु मतदारसंघ ही वस्तू अशी विलक्षण आहे की, ती केवळ कायद्याच्या कागदावर जन्मास येते आणि कायदा बदलताच मागे एक वीटही न ठेवता नाहीशी होते. आज मी आपणांस अशाच एका लुप्त मतदारसंघाची हकीकत सांगणार आहे. तो आपल्याच मुंबईतला, लालबाग-परळच्या गिरण्यांच्या छायेतला. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाच्या दप्तरात त्याचे नाव ‘मुंबई शहर, भायखळा व परळ’ असे नोंदलेले आहे. १९३५ च्या कायद्याने तो निर्माण झाला आणि १९५० साली राज्यघटना अमलात येऊन प्रौढ मतदानाचे युग सुरू होताच त्याचे प्रयोजन संपले. अवघे दीडेक तपाचे हे आयुष्य. पण तेवढ्या काळात एका मोठ्या प्रश्नाची कसोटी येथे लागली.

तो प्रश्न समजण्यास पाच वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि त्या महिन्याच्या २४ तारखेस पुणे करार झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. ब्रिटिश प्रधानमंत्र्यांच्या निवाड्याने अस्पृश्य मानलेल्या वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी केवळ त्यांनीच निवडावयाचा होता. करारान्वये हे स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या बदली प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागांची संख्या १४८ झाली, आणि त्यांपैकी १५ मुंबई इलाख्याच्या वाट्यास आल्या. परंतु मतदान मात्र संयुक्त ठरले. जागा अस्पृश्यांची, उमेदवार अस्पृश्य, परंतु त्यास मत देणार सर्वच हिंदू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मनातील शंका येथेच होती. ज्यांची संख्या अधिक, ते आपल्या पसंतीचा अस्पृश्य निवडून देतील. मग ज्यांच्यासाठी ही जागा राखली, त्यांच्या विश्वासाच्या माणसाचे काय?

या शंकेवर दोन उपाय योजण्यात आले. पहिला करारातच होता : एका जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असल्यास प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनीच मत देऊन चौघे निवडावे आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक निवडावा. दुसरा उपाय मतदानाच्या रीतीत होता, आणि माझ्या मते खरे मर्म तेथेच आहे. राखीव जागा ही एकटी नसे. तिच्याबरोबर त्याच मतदारसंघात सर्वसाधारण जागाही असत. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास मिळत. मुंबई इलाख्यात असा नियम होता की, मतदाराने ही मते निरनिराळ्या उमेदवारांस वाटून द्यावी किंवा इच्छा असल्यास सारीच्या सारी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावी. एकवटून मत देण्याची ही रीत काही येथेच जन्मलेली नव्हे. इंग्लंडात १८७० च्या शिक्षणकायद्याने जी स्कूल बोर्डे स्थापन झाली त्यांची निवडणूक याच रीतीने होई (आम्हां मास्तर मंडळींस ही गोष्ट मौजेची वाटावी), आणि अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तर ती १९८० पर्यंत चालू होती. तिचा गुण असा की, संख्येने थोडा परंतु एकजुटीचा असा समाज आपली मते न विखुरता आपला एक माणूस तरी निवडून आणू शकतो.

आता मतदार कोण, हेही सांगितले पाहिजे. प्रौढ मतदान तेव्हा नव्हते. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या सुमारे एक सप्तमांश लोकांसच प्रांतिक कायदेमंडळाचे मत होते. घरभाडे, सारा, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असावे लागे. मजसारखा मनुष्य केवळ मॅट्रिकच्या दाखल्यावर त्या यादीत बसला असता, आणि बाराबारा जणांच्या खोलीत वळकटी टाकून राहणारा, गावी पैसे धाडणारा गिरणी कामगार मात्र बाहेर राहिला असता! तरीही परळ भागात बिऱ्हाड करून राहणाऱ्या कामगारांची नावे यादीत आली होती. आणि अस्पृश्य वर्गासाठी शिक्षणाची अट पुष्कळ सौम्य केलेली होती.

या वस्तीशी बाबासाहेबांचे नाते उमेदवारीच्या निमित्ताने जुळलेले नव्हते. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी जो इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेल्या परळच्या पोयबावडीवरील चाळीत आंबेडकर कुटुंबाच्या दोन खोल्या होत्या. परदेशच्या पदव्या मिळविल्यावरही बाबासाहेब तेथेच राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ पुढचे. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरीही परळच्या दामोदर हॉलमध्येच होती. जिन्यावरून वरखाली करताना ज्यांची गाठ पडे ते शेजारीच आता मतदार झाले होते. १९२७ पासून बाबासाहेब मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसत होते खरे, परंतु ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. लोकांसमोर जाऊन मत मागण्याचा प्रसंग आता आला. त्यासाठी ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव लक्षात घेण्यासारखे आहे. ते जातीचे नसून धंद्याचे आहे.

काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध जो उमेदवार उभा केला तो कोणी सामान्य गृहस्थ नव्हता. ते होते बाळू पालवणकर, क्रिकेटच्या जगातील ‘पी. बाळू’. चांभार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांस चेंडू टाकू लागला आणि पुढे हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ झाला. मैदानावर त्याचा चेंडू सर्वांस चाले, पण चहाच्या वेळी त्याचा पेला निराळा, मातीचा, मैदानाबाहेर! १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. कर्तबगारी असूनही हिंदू संघाचे नायकत्व त्यांस मिळाले नाही; ते पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. पुणे करारावर ज्या सह्या आहेत त्यांत आंबेडकरांचीही आहे आणि बाळूंचीही आहे. त्याच कराराने निर्माण केलेल्या जागेसाठी पाच वर्षांनी हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. एकास सबंध हिंदू समाजाने आपला मानावा अशी आस होती. दुसऱ्यास आपल्या समाजाने स्वतःच्या बळावर उभे राहावे असा आग्रह होता. दोघांपैकी कोणासही लहान लेखण्याचे मला कारण दिसत नाही.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी : ही मते आहेत, मतदार नव्हेत. एकेका मतदाराने एकाच नावावर आपली सर्व मते टाकली असतील, तर डोकी मतांहून पुष्कळच कमी भरणार. काँग्रेससारख्या बलाढ्य संस्थेची मते तिच्या अनेक उमेदवारांत वाटली जाणे क्रमप्राप्तच होते. आंबेडकरांच्या अनुयायांस मात्र अशी वाटणी करण्याचे कारण नव्हते. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याकांचा स्वतःचा मनुष्य निवडून येऊ शकतो, हे येथे सिद्ध झाले. परंतु तो ज्या शर्तीवर आला, ती शर्त पुढे पुष्कळजण विसरले. स्वतंत्र मजूर पक्षाने इलाख्यात सतरा उमेदवार उभे केले होते व त्यांतील बहुतेक विजयी झाले. त्यांत अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर असे स्पृश्य समाजातील गृहस्थही होते. १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसने ८६ जिंकल्या होत्या, आणि जुलैत बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले.

परळच्या या सभासदाने केले काय? सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात त्याने कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. गिरणगावच्या मतदारांस कोकणच्या खोताशी काय कर्तव्य, असे एखादा विचारील. ज्यास हा भाग ठाऊक आहे तो विचारणार नाही. परळ-लालबागच्या चाळींतील निम्मी माणसे मनाने रत्नागिरी-कुलाब्यातच राहत; साच्यावर मिळविलेला पैसा गावच्या खोताच्या मक्त्यात जाई. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

त्याहून निकटचा प्रसंग त्याच वर्षी आला. सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. समेटाचे सोपस्कार पुरे होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरवून कामगारास शिक्षा करण्याची त्यात तरतूद होती. आंबेडकरांनी विधानसभेत त्यावर कडाडून हल्ला चढविला. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब आहे, तिला फौजदारी गुन्हा ठरविणे म्हणजे मनुष्यास गुलाम करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा भरली. काही ठिकाणी दगडफेक व गोळीबारही झाला. त्या लढ्यात आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे हे एका बाजूस होते.

ही गोष्ट सामान्य नव्हती. गिरणीत साचेखात्याचे काम अधिक पगाराचे. पण तेथे अस्पृश्यास शिरकाव नसे. कारण धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्यास अस्पृश्याचे ओठ लागले त्यास आपले ओठ लावण्यास इतर कामगार तयार नसत. दर दिवशी एकाच भोंग्याने जागे होणारी आणि एकाच फाटकातून आत जाणारी ही माणसे होती! १९२८ च्या महासंपाच्या सुमारासच आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांस या अन्यायाबद्दल जाब विचारला होता. तो सल पोटात ठेवूनही १९३८ साली ते त्या व्यासपीठावर गेले. बिल मात्र मंजूर होऊन त्याचा कायदा झाला. पुढल्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गव्हर्नरची राजवट आली. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीस गेले. १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला, आणि घटना समितीत त्यांस प्रथम प्रवेश मिळाला तो मुंबईतून नव्हे, बंगालमधून.

आता १९५२ च्या आरंभाकडे येऊ. राज्यघटना झाली होती. मॅट्रिकचा दाखला नको, भाड्याची पावती नको, प्रत्येक सज्ञानास मत. लोकसभेसाठी उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकास दोन मते. परंतु नियमात एक बदल झालेला होता : दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. तशी दिल्यास त्यांतील एक बाद होई. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांच्या जोडीस सर्वसाधारण जागेसाठी. डांगेही त्याच मतदारसंघातून उभे होते, पण या वेळी समोरच्या बाजूस. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांस १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांस १,२३,५७६. अंतर १४,५६१. बाद झालेल्या मतपत्रिकांचा आकडा मात्र ७४,३३३ होता, म्हणजे अंतराच्या पाचपटीहून अधिक. मतदारांनी आपली मते कुजवावी असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी तक्रार करून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक रद्द करण्यासाठी अर्ज केला. त्यास यश आले नाही. काजरोळकर लोकसभेत गेले आणि बाबासाहेब राज्यसभेत.

जुना नियम असता तर निकाल उलटा लागला असता, असे मी म्हणणार नाही. ती मते कोणाकोणाच्या पेटीत पडली होती यावर सारे अवलंबून होते, आणि जुन्या नियमाचा लाभ विरोधकांसही मिळालाच असता. माझे म्हणणे एवढेच की, एकाच नावावर मते एकवटण्याची जी कृती १९३७ साली परळच्या मतदारासाठी कायदेशीर आणि शहाणपणाची होती, तीच पंधरा वर्षांनी त्याच गल्लीतल्या मतदाराने केली असता त्याचे एक मत रद्दीत गेले. मताचा अधिकार सातांपैकी एकाकडून सर्वांकडे आला, हा लाभ अपार होय. परंतु त्याच वाटेवर थोड्यांच्या हातातील एक लहानसे हत्यार काढून घेतले गेले, आणि त्याबद्दल चर्चा मात्र फारच थोडी झाली.

पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच बंद झाले. परळ या नावाचा विधानसभेचा एक मतदारसंघ नंतर पुष्कळ वर्षे होता. २००८ च्या पुनर्रचनेत तोही गेला. भायखळ्याचे नाव आजच्या यादीत आहे, परळचे नाही. लालबाग-परळचा बराचसा भाग शिवडी मतदारसंघात मोडतो. ज्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला ती अपोलो बंदराजवळची इमारत, मूळची खलाशांसाठी बांधलेली, अजून उभी आहे. तेथे आता महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.