अर्ध्या पोटाचं गणित

माझं पहिलं वजन झालं ते गुळाच्या भेलीशी. जन्म १९९५चा, गिरडमधल्या घरातलाच. दाईनं सुटका केली. जन्मले तेव्हा किती भरले असते, हे कुणालाच माहीत नाही. 'मुठीएवढी होतीस' एवढीच आजीची नोंद. पोरगी जगली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन, असा नवस आजीनं टेकडीवरच्या फरीदबाबांच्या दर्ग्यात बोलला होता. सहा महिन्यांनी किराणा दुकानातल्या तराजूच्या एका पारड्यात मला ठेवलं, दुसऱ्यात गूळ. साडेपाच किलो.

आता मला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नागपूरहून गिरडला आलेय. पर्समध्ये एक कार्ड आहे, त्यावर दर महिन्याचं वजन लिहिलंय. सुरुवातीला ४५, आता ५०. नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "वजन कमी वाढतंय, नीट जेवा." आणि इथे पहिल्याच रात्री दुसरी भाकर घ्यायला हात पुढे केला, तर आजी म्हणाली, "जास्त नको खाऊ वं माय. लेकरू मोठं झालं तं सुटका कठीण जाते. अर्ध्या पोटानं राहा."

मी वैतागले. पण रात्री झोप येईना तेव्हा वाचत बसले आणि हळूहळू लक्षात आलं की आजीच्या त्या एका वाक्याला भलामोठा इतिहास आहे. तो फक्त गिरडचा नाही.

१८८९ साली जर्मनीत लुडविग प्रोखोव्हनिक नावाच्या डॉक्टरानं एक आहार सुचवला. ज्या बायांच्या कमरेचं हाड अरुंद आहे, त्यांना शेवटच्या काही आठवड्यांत पिष्टमय पदार्थ आणि पाणी कमी द्यायचं. कशासाठी? बाळ लहान राहावं, सुटका सोपी व्हावी म्हणून. त्या काळी युरोपातल्या कारखान्यांच्या शहरांत मुडदूस सर्रास होता. लहानपणी हाडं वाकलेल्या मुली मोठ्या झाल्या की त्यांचं बाळंतपण अडायचं. पोट फाडून बाळ काढणं म्हणजे आईच्या जिवाशी खेळ. अशा वेळी बाळालाच लहान ठेवणं हा डॉक्टरी शहाणपणा होता. म्हणजे आजी जे सांगते तेच, फक्त पदवी असलेल्या माणसानं सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी मी आजीला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिच्या धाकट्या जावेची गोष्ट निघाली. पावसाळा होता. दोन दिवस, दोन रात्री कळा. बैलगाडी जुंपून हिंगणघाटला न्यायचं ठरलं, पण नाल्याला पूर. बाई गाडीतच गेली, लेकरू पोटातच. "लेकरू मोठं होतं," आजी म्हणाली. तिला कुणी तपासून तसं सांगितलं नव्हतं. पण त्या घरातल्या प्रत्येक सुनेला त्यानंतर अर्धीच भाकर मिळाली. माझ्या आईलाही.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं कस्तुरबा रुग्णालय १९४०च्या दशकातच उभं राहिलं होतं. १९६९मध्ये तिथे मेडिकल कॉलेजही आलं. पण नाल्याला पूर असताना सेवाग्राम काय आणि मुंबई काय, सारखंच लांब. ज्या गावात अडलेल्या बाळंतिणीला सोडवायला कुणी नाही, तिथे लहान बाळ हाच बाईचा विमा होता. आजीचं गणित चुकीचं होतं असं मला आता म्हणवत नाही. ते एका मरणावरून मांडलेलं होतं.

डॉक्टरांची गणितंही बदलत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत गर्भारपणात वजन फार वाढू देऊ नका, असाच दंडक होता. वाढलेलं वजन म्हणजे रक्तदाब, झटके, अवघड बाळंतपण अशी समजूत होती. १९७०मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या समितीनं ही बंदी चूक ठरवली आणि साधारण ९ ते ११ किलो वाढ योग्य असं सांगितलं. १९९०मध्ये आणखी एक पाऊल पडलं: सगळ्यांना एकच आकडा नको, बाई मुळात कशी आहे ते बघा. २००९च्या सुधारित शिफारशीत बारीक बाईनं १२.५ ते १८ किलो वाढावं, मध्यम बांध्याच्या बाईनं ११.५ ते १६, वजन जास्त असलेलीनं ७ ते ११.५ आणि लठ्ठ बाईनं ५ ते ९. म्हणजे 'दोन जिवांचं खा' हाही सरसकट मंत्र नाही. फार वाढलेल्या वजनानं बाळ अवाजवी मोठं होऊ शकतं आणि बाळंतपण खरंच अवघड जातं. आपल्याकडे नर्सताईंना शिकवला जाणारा आकडा ९ ते ११ किलोचा आहे.

हे किलो जातात कुठे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साडेबारा किलो वाढ धरली, तर त्यात बाळ साडेतीन किलोच्या आत-बाहेर. बाकी वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, जास्तीचं रक्त आणि पाणी. शिवाय आईच्या अंगावर साठलेली तीनेक किलो चरबी, जी पुढे दूध तयार होताना खर्च होते. वजन वाढतं ते बाळाचं एकट्याचं नाही. बाळाला पोसणारी सगळी व्यवस्था नऊ महिन्यांत उभी राहते.

आणि बाळ लहान कधी म्हणायचं? २५०० ग्रॅमची रेघ फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांच्या कामातून आली, १९४८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती उचलली. मी जन्मले त्याच सुमारास, १९९५-९६मध्ये, आमच्याच विभागातल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना घरोघर जाऊन नवजात बाळांचं वजन करायला शिकवलं होतं. ३९ गावांतल्या त्या नोंदींत सुमारे ४२ टक्के बाळं या रेघेच्या खाली होती. तोवर ती सगळी माझ्यासारखीच 'मुठीएवढी' होती. काटा आला तेव्हा मूठ किती मोठी ते कळलं.

पण मला सगळ्यात जास्त अडवलं ते पुण्याजवळच्या सहा गावांनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या गावांतल्या बायांची नोंद दिवस जाण्याच्या आधीपासून ठेवली. बाळं जन्मली ती १९९४ ते १९९६च्या आसपास. म्हणजे माझ्याच वयाची. तिथल्या आया सरासरी १५२ सेंटिमीटर उंच आणि गर्भारपणाआधी साधारण ४२ किलोच्या. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला अंदाजे १७५० उष्मांक खात होत्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते प्रमाण वाढलं नाही, थोडं कमीच झालं. वाचताना मला आजीचं ताट दिसलं. बाळांचं सरासरी वजन २६६५ ग्रॅम.

गंमत पुढे आहे. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले, यावर बाळाचा आकार फारसा ठरत नव्हता. पण ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांना शेतकाम, पाणी भरणं अशी कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं लहान. इथे मला आईचं नववा महिना लागेपर्यंत चाललेलं निंदण आठवलं आणि कमरेला ओटी बांधून केलेली कापसाची वेचणीही. अर्धी भाकर हा हिशोबाचा एकच भाग होता. दुसरा भाग वावरात होता, आणि त्याबद्दल कुणी कधी 'कमी कर' म्हटलं नाही.

याच बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांशी केली, तेव्हा तिथली सरासरी निघाली साडेतीन किलो. फरक आठशे ग्रॅमचा. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण चरबी त्यांनी त्या मानानं राखून ठेवली होती. बारीक तरी चरबीदार. पुढे तरुण वयातच होणाऱ्या मधुमेहाचा धागा याज्ञिक इथपर्यंत आणतात. तुमच्याही घरात 'अंगानं काडी, तरी शुगर' असं कुणीतरी असेलच.

आठशे ग्रॅम म्हणजे किती? दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. माणशी शिधा हजार उष्मांकांच्या खाली गेला. ज्या बायांचे शेवटचे तीन महिने त्या उपासमारीत गेले, त्यांची बाळं सुमारे तीनशे ग्रॅमनं हलकी जन्मली. ही काही काटेकोर तुलना नव्हे, देश वेगळे, शरीरं वेगळी. पण मनात ती होतेच. एका युद्धातल्या उपासमारीनं तीनशे ग्रॅम हिरावले. आपल्या गावांत युद्ध नव्हतं, नाकेबंदी नव्हती, तरी अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. हे एका गर्भारपणातलं अंतर असूच शकत नाही. ते आईचं, आजीचं, पणजीचं साठत आलेलं आहे.

मुंबईच्या वस्त्यांत याची परीक्षा झाली. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ बायांना दिवस जाण्याच्या आधीपासून दिला. २०१४मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांना खाऊ मिळाला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती. त्यातही फायदा झाला तो अंगानं बऱ्या असलेल्या बायांच्या बाळांना. सगळ्यात बारीक बायांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. कदाचित त्यांचं शरीर आधी स्वतःचीच जुनी उधारी फेडत असावं.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. मी ४५ किलोवर सुरुवात केली होती. आता सातव्या महिन्यात मी दुसरी भाकर घेईनच, मेथीची भाजी खाईन, दूध पिईन. त्याचा उपयोग आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मी पाळणारच. पण माझ्या बाळाच्या वजनाचा मोठा हिस्सा मी चौदा वर्षांची असताना ठरत होता. रिकाम्या पोटी सकाळची एसटी पकडायचे तेव्हा. आणि त्याच्याही आधी, आईच्या अर्ध्या भाकरीत.

आजीला मी इतकंच सांगितलं की आता अडली बाई तर रस्ता आहे, गाडी आहे, ऑपरेशन आहे. तुझ्या जावेला ते मिळालं नाही. तिनं मान हलवली. पटलं की नाही, सांगता येत नाही. पण त्या रात्री माझ्या ताटात दुसरी भाकर होती, आणि तिच्यावर लोण्याचा गोळा.

काल आशाताईंकडे कार्ड घेऊन गेले, तेव्हा काकाची नववीतली पोरगी सोबत आली होती. माझं वजन झालं. ५१. ती दाराशी उभी होती, मी तिला म्हटलं, तूही चढ काट्यावर. ती हसायला लागली, "मी काय पोटुशी हाओ का ताई?" तरी चढली. ३३ किलो. आशाताईंकडे तिच्यासाठी कार्ड नव्हतं, म्हणून मी तो आकडा माझ्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवला. तारीख घातली. पुढच्या महिन्यात परत नेणार आहे तिला, आणि सकाळी शाळेला निघण्याआधी ती काय खाते, ते उद्यापासून बघणार आहे.