मिठागरात स्पिरुलिना?

वसई-विरार पट्ट्यात बंद पडलेली मिठागरे आहेत, खाडीचे पाणी हाताशी आहे, ऊन मुबलक आहे. मग इथे स्पिरुलिना का लावू नये, असे हल्ली उत्साहाने विचारले जाते. नांगर न लागणाऱ्या जमिनीवरही स्पिरुलिनासारखे सूक्ष्मशैवाल वाढते, एवढा या मताचा भाग खरा आहे. पुढचा गफलतीचा आहे.

स्पिरुलिनाला मिठापेक्षा सोडा लागतो. आफ्रिकेतले चाड, मेक्सिकोतले टेक्सकोको आणि आपले लोणार ही सरोवरे तिची नैसर्गिक ठिकाणे. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, समुद्राचा आठाच्या जरा वर. दहाच्या सामूत बहुतेक प्रतिस्पर्धी शैवाले तगत नाहीत, म्हणून तिचे फावते. समुद्राच्या पाण्यात सोडा ओतून सामू चढवावा, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साका होऊन खाली बसते. ते आधी काढायचे, मग पुन्हा सोडा घालायचा. खाडीचे पाणी फुकट, पण त्याची डागडुजी फुकट नाही.

सोड्याचाच हिशेब मांडू. स्पिरुलिना वाढवण्याच्या झारूक यांच्या 1966 च्या प्रसिद्ध द्रावणात लिटरला 16.8 ग्रॅम खाण्याचा सोडा असतो. गुंठाभर क्षेत्राची, 20 सेंटिमीटर खोल टाकी म्हणजे सुमारे 20,000 लिटर. पहिल्या भरणीलाच 336 किलो सोडा! चौरस मीटरला रोज 10 ग्रॅम वाढ धरली, तर हाती येते दिवसाला किलोभर सुकी पावडर.

आणि पाऊस? जुलै 2018 मध्ये वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे पुरात अडकली होती. दिवसात 200 मिलिमीटर कोसळला, की अशा उघड्या टाकीत मूळ पाण्याइतकेच गोडे पाणी पडते. छप्पर घाला म्हणाल. घालता येईल, पण मग ‘फुकटच्या जागे’चा मुद्दा उरत नाही.

मिठागराला साजेसे शैवाल वेगळेच आहे: ड्युनालिएला. पाणी खारट होईल तसे ते पेशीत ग्लिसरॉल साठवून तग धरते, आणि तीव्र उन्हात बीटा-कॅरोटीन बनवते. ऑस्ट्रेलियात हट लगूनला त्याची व्यापारी शेती होते. मीठ पिकते त्या कोरड्या महिन्यांत इथेही त्याचा प्रयोग करता येईल. मात्र स्पिरुलिनाचे लांब तंतू कापडाने गाळता येतात. ड्युनालिएलाच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पेशी त्यातून निसटतात. त्या वेगळ्या करायला लागणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या विजेचे बिल आधी मांडावे, टाकीची आखणी नंतर.