मृगापासून कोजागिरीपर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय सांगणार? परंतु आपल्या महागावकडील बायका घराबाहेर केव्हा पडत नि कोठे जात, हाही इतिहासच आहे.

उन्हाळा सरून मृग लागला की पेरणी, आणि पाठोपाठ निंदण. आषाढ-श्रावणात बाईला मान वर करायला फुरसत नसे. पोळा झाला, महालक्ष्म्या जेवल्या, कपाशी-ज्वारी उंच वाढली, म्हणजे मग थोडी उसंत मिळे. नेमक्या त्याच वेळी, भाद्रपद पौर्णिमेला, भुलाबाई माहेराला येई ती कोजागिरीपर्यंत. मुलींनी संध्याकाळी घरोघर जावे, गाणी म्हणावीत, खिरापत ओळखावी. एरवी अंधार पडल्यावर मुलीला उंबरा ओलांडू देत नसत. देवीच्या नावाने ती मोकळीक होती.

मोठ्या बायकांचे जाणे म्हणजे नवरात्रात माहूरची रेणुकामाता. अंतर थोडे, पण मध्ये पैनगंगा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि नदीपलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला. म्हणजे धनोड्याजवळ नदी ओलांडली की दुसरे राज्य! आमच्या आजेसासूबाई सांगत, पदराच्या गाठीला आपले कलदार असायचे, तिकडे हाली शिक्का चाले. सहा कलदारांना सात हाली मिळत. बैलगाडीचा प्रवास, नदीला पाणी, तरी बायका जात. गडावरचा तांबूल प्रसाद पदरात बांधून आणत.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ साली माहूरचा भाग आणि आपले विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून दोन्ही महाराष्ट्रात आहेत. आता पुलावरून गाडी घटकेत जाते.

मग बायकांचे जाणे वाढले का? येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सीतादही करून सुरू होई, आणि ज्वारी त्याहून उशिरा निघे. म्हणून आश्विनाचा पहिला पंधरवडा बराचसा मोकळा असे. १९८० नंतर आपल्याकडे सोयाबीन वाढले, आणि त्याची सोंगणी ऐन नवरात्रात येते. रस्ता झाला, पूल झाला, पण मजुरीला जाणाऱ्या बाईची उसंत तेवढी गेली. भुलाबाईची गाणीही त्यामुळेच मागे पडत चालली आहेत, असे मला वाटते.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की कोजागिरीच्या रात्री मंडळाने सर्व बायकांना बोलवावे, शेतावरून थकून येणाऱ्यांना आधी. म्हाताऱ्यांकडून गाणी वहीत उतरवून घ्यावीत. आजवर देवाच्या निमित्ताने मिळालेली मोकळीक आता आपणच एकमेकींना दिली पाहिजे.