वकील कोर्टाच्या गावचाच हवा

मुलगी माहेरी येऊन दोन-तीन महिने झाले, सासरहून निरोप येईनासा झाला, की घरातल्या वडीलधाऱ्यांचे एका गोष्टीवर चटकन एकमत होते: वकील पुण्या-मुंबईचा पाहायचा. मुलाकडचेही तेच ठरवतात. इथल्या वकिलाला फारसे कळत नाही, तो उद्या समोरच्यांना मिळेल, गावात बोभाटा होईल, अशी तीन कारणे दिली जातात. हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. त्याची किंमत मात्र बहुधा ती मुलगी आणि तिची लेकरे मोजतात, म्हणून तो खोडून काढणे गरजेचे वाटते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. मोठ्या शहरातल्या वकिलाकडे असे दावे रोज येतात, सर्वोच्च न्यायालयाचे ताजे निवाडे त्याच्या तोंडावर असतात. तालुक्याच्या बार रूममध्ये दोन्ही बाजूंचे वकील एकाच टेबलावर चहा घेतात, तेव्हा पक्षकाराच्या मनात पाल चुकचुकणारच. हे सारे मान्य करूनही निष्कर्ष चुकतो, कारण स्थानिक कोणाला म्हणायचे हेच आधी ठरवलेले नसते.

स्थानिक वकील म्हणजे तुमच्या गल्लीतला नव्हे, तर ज्या कोर्टात काम चालणार तिथे रोज उभा राहणारा. आणि काम कुठे चालणार, हा घटस्फोटाच्या प्रकरणातला पहिला कायदेशीर प्रश्न आहे. लग्न जिथे लागले, नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा सामनेवाला जिथे राहतो, तिथे हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. 2003 च्या दुरुस्तीने यात एक मोठी भर घातली: पत्नी स्वतः जिथे राहते तिथेही ती अर्ज करू शकते. पोटगीचा अर्जही तिला ती राहते त्या ठिकाणी करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात तर तात्पुरते वास्तव्यही पुरते. मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी राहते तिथल्या कोर्टात जातो. म्हणजे माहेरी आलेल्या बहुतेक बायकांना कायद्यानेच कोर्ट जवळ आणून दिले आहे. अशा वेळी वकील दोनशे किलोमीटरवरून आणला, तर ती सवलत वाया जाते.

आता ज्ञानाचा मुद्दा. क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची नेहमीची कारणे थोडक्या कलमांत मावतात. भांडण कलमांवर क्वचित होते, होते ते पुराव्यावर. रजनेश विरुद्ध नेहा हा खटला पाहा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2015 मध्ये पत्नी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगी ठरवली. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2020 च्या नोव्हेंबरात निकाल लागला. एवढ्या वरच्या न्यायपीठाने शेवटी काय सांगितले? पोटगीच्या कामात दोन्ही पक्षांनी पहिल्याच कोर्टात उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. निवाड्यासोबत शपथपत्राचे नमुनेही जोडले आहेत आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे.

या वेगळ्या नमुन्यातच स्थानिक वकिलाचे खरे मोल दिसते. नवरा शपथेवर लिहितो की जमीन वडिलांच्या नावावर आहे आणि आपल्याला काही उत्पन्न नाही. हे खोडून काढायला सातबारा कोणत्या गटाचा काढायचा, ऊस कोणत्या कारखान्याला कोणाच्या नावावर जातो, दुधाचे बिल कोणत्या संस्थेत जमा होते, ट्रॅक्टर भाड्याने फिरतो की नाही, हे ठाऊक असावे लागते. उलटतपासात नेमका प्रश्न विचारायला ही माहिती आधी हवी, आणि ती निवाड्यांच्या खंडांत सापडत नाही. उत्तम इंग्रजी युक्तिवाद करणारा वकील इथे आपल्याच पक्षकाराला विचारत बसतो.

मग येतात तारखा. ज्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे ती सोडली, तर महाराष्ट्रात हिंदू विवाह अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. पहिल्या तारखेला समन्स बजावून आलेले नसते, दुसऱ्या तारखेला सामनेवाला मुदत मागतो, पुढे कैफियत, मग एखाद्या अर्जावर ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे, मग तडजोडीचा प्रयत्न. यातल्या अर्ध्या तारखांना पाच मिनिटांचेही काम नसते. पण त्या पाच मिनिटांना वकील हजर नसला, तर रोजनाम्यात ‘से’ दिला नाही अशी नोंद होते, उलटतपास बंद होतो, कधी एकतर्फी हुकूम होतो. दुरून येणाऱ्या वकिलाची फी तारखेवर ठरते, गाडीभाडे वेगळे. परवडेनासे झाले की तो तिथल्याच एखाद्या ज्युनिअरला उभे राहायला सांगतो. म्हणजे पैसे दुरच्याला आणि काम स्थानिकाकडे, तेही फाइल न वाचलेल्या स्थानिकाकडे.

हुकूम मिळाला तरी काम संपत नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांना फार उशिरा कळते. महिन्याची पोटगी थकली, तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 मध्ये ही अट होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 144 मध्येही ती आहे. दर काही महिन्यांनी नवा अर्ज टाकायचा, वॉरंट पोलीस ठाण्यात पोचले का ते पाहायचे, नवरा गावात कधी असतो ते कळवायचे, हे काम मुंबईहून होत नाही.

समोरच्यांना मिळेल, ही भीती मला कधीच क्षुल्लक वाटली नाही. छोट्या बारमध्ये नाती गुंतलेली असतात. ज्याने तुमच्या सासऱ्यांचे बांधाचे दावे लढवले आहेत, त्याच्याकडे जाऊच नका. त्याच जिल्हा न्यायालयात काम करणारा शेजारच्या तालुक्याचा वकील बघा. एका पक्षाला सल्ला दिलेला वकील त्याच कामात दुसऱ्या बाजूने उभा राहू शकत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकील बदलायचा झाला तर फीसाठी तो तुमचे कागद अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवून दिले आहे. आणि दोन वकिलांची ओळख हे नेहमी संकटच नसते. स्त्रीधन परत देणे, मुलाला रविवारी भेटवणे, संमतीच्या घटस्फोटाची रक्कम ठरवणे, ही बोलणी एकमेकांचा शब्द मानणाऱ्या वकिलांमध्ये लवकर जमतात.

बोभाट्याचे म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे ही कामे बंद दाराआड चालवायची असतात आणि त्यांचा वृत्तांत छापणे हा गुन्हा आहे. वकिलाला सांगितलेले गुपित कायद्याने सुरक्षित असते. गावात बातमी फुटते ती बहुतेक वेळा दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या तोंडून.

गोव्यात तर प्रश्न आणखी पुढे जातो. कुडाळची किंवा सावंतवाडीची मुलगी म्हापशाला दिली, तर सिंधुदुर्गातला हुशार वकीलही तिथे अपुरा पडू शकतो, कारण तिथे हिंदू विवाह कायदा लागूच नाही. पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, घटस्फोटाचा हुकूमनामा 1910 चा आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथे गोव्याच्या कोर्टातलाच वकील लागतो.

मोठ्या वकिलाची गरज कधीच नसते, असे मी म्हणणार नाही. नवऱ्याने आधीच ठाण्याला अर्ज टाकला आणि तो सांगलीला वर्ग करून हवा असेल, किंवा कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील करायचे असेल, तर उच्च न्यायालयातलाच वकील हवा. तिथेही अंतर आता कमी झाले आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची फेरी वाचली. न्याय जवळ असावा, ही मागणी तिथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षे लावून धरली होती. तोच विचार खालच्या कोर्टात वकील निवडतानाही लागू पडतो.

तेव्हा मुलीच्या आई-वडिलांना विनंती आहे. वकीलपत्रावर सही करण्याआधी एक दिवस त्या कोर्टात जाऊन बसा, पुकारा झाला की कोण स्वतः उभे राहते ते पाहा. पोटगी वसुलीच्या दरखास्ती कोण चालवतो ते विचारा. आणि फीची अडचण असेल तर हे ध्यानात ठेवा की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो, आणि ती समिती तालुक्याच्या कोर्टातच असते.