पांढऱ्या कार्डाची फाईल

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल घेऊन आली. नवरा कोरोनात आजारी पडला, तेव्हाचं बिल होतं. ती म्हणाली, "आमचं पांढरं कार्ड. आम्हाला कुठली योजना? पण बिल मात्र सरकारी दराने लावलं हो त्यांनी." तेव्हा आमच्या लक्षात आलं, की त्या वर्षी सरकारने काढलेले दोन वेगळे कागद आपण एकच समजून बसलो होतो. आज त्या कागदांचा इतिहास सांगतो.

सुरुवात जरा मागून करू. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्यांदा आठच जिल्ह्यांत. त्या आठांत आपला रायगड होता. बाकीच्या महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, रुग्णाने पैसे द्यायचे नाहीत. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. म्हणजे पनवेलला ही योजना नवी नव्हती. पण ती होती पिवळ्या आणि केशरी कार्डाला. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला. आता हिशोब करा. तळोजा एमआयडीसीत महिना नऊ हजारांवर राबणारा माणूस वर्षाला एक लाख आठ हजार कमावतो. कागदावर तो सधन झाला आणि योजनेबाहेर गेला! विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतलं होतं, रायगडच्या नाही.

मग २०२० चा मार्च आला. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं. कोविडवाल्यांची एक सोय झाली, पण बाकीच्या आजाऱ्यांनी जायचं कुठे? आणि खाजगीत गेलं तर बिल किती येणार, याची धास्ती वेगळीच.

पहिला कागद २१ मे २०२० चा. खाजगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला चार हजार, आयसीयूत साडेसात हजार, व्हेंटिलेटर लागला तर नऊ हजार. पीपीई किट आणि महागडी औषधं वेगळी. हा आदेश काढताना ज्या कायद्यांचा आधार घेतला, त्यात साथरोगाचा १८९७ चा कायदाही होता. प्लेगच्या वेळी केलेला. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. हे आमचं मध्येच आठवलेलं, पण जोतिरावांच्या नावाच्या योजनेबद्दल बोलताना ते मनात येतंच.

दुसरा कागद दोनच दिवसांनी, २३ मे चा. तो फुले योजनेचा. त्यात रुग्णालयांना सांगितलं, की आता महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही योजनेत घ्या, पांढरं कार्ड असलं तरी. एरवी फक्त सरकारी रुग्णालयातच होणारे १२० उपचार योजनेतल्या खाजगी रुग्णालयांनाही करू दिले, कारण सरकारी खाटा कोविडने भरल्या होत्या. आधी ही सवलत ३१ जुलैपर्यंत होती, मग मुदत वाढत गेली.

फरक बघा. पहिल्या कागदाने बिलाला मर्यादा घातली. दुसऱ्याने बिलच माफ केलं. व्हेंटिलेटरवर दहा दिवस म्हणजे पहिल्या कागदाप्रमाणे नव्वद हजार, वर औषधं. दुसऱ्याप्रमाणे शून्य. खिडकीवर "सरकारी दर" ऐकलं, की आपल्याला वाटायचं हीच योजना. ताईच्या फाईलमध्ये तेच झालं होतं.

मग दुसऱ्या कागदाचा लाभ सगळ्यांना का मिळाला नाही? दोष एकट्या रुग्णालयांचा नाही. कोविडचे रुग्ण घेणारं प्रत्येक रुग्णालय योजनेत नव्हतं. योजनेत असलं, तरी नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट पुरत नव्हता. न्यूमोनिया, श्वास लागणं असा त्रास वाढलेला रुग्णच त्यात बसायचा. रुग्णालयाला ठरलेलीच रक्कम मिळणार, तीही कागद मंजूर झाल्यावर. रोज किट आणि ऑक्सिजन विकत घेणाऱ्या छोट्या दवाखान्याला हे जड जात असणार. पण योजनेत असूनही, खाट असूनही, आधी अनामत मागणारे होते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा राग अजून आहे. आरोग्यमित्राचं टेबल रिकामं दिसलं, की आपल्या बाया गप्प घरी आल्या. आणि आम्ही? आम्ही तेव्हा गटागटांतून मास्क शिवून घेत होतो. तो २३ मे चा कागद आमच्याही हातात वेळेवर आला नाही. आला असता, तर बैठकीत वाचला असता.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. रायगडात कितीतरी घरांची छपरं उडाली, कागद भिजले. ज्या कार्डाचा रंग आता आड येणार नव्हता, ते कार्डच ओलं.

पुढे मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा आजारही योजनेत घेतला. आणि साथीपुरतं उघडलेलं दार पुढे कायमचं उघडलं. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने सगळ्या रंगांची कार्डं योजनेत आली, दीड लाखाचे पाच लाख झाले. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं.

म्हणून आता दवाखान्यात गेलात, की पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, "हे रुग्णालय फुले योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. नाही म्हणाले, तर लिहून मागा आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा.

ताईची फाईल आम्ही परत पिशवीत घातली. त्या बिलासाठी गटातून घेतलेल्या कर्जाचे चार हप्ते अजून बाकी आहेत.