विधी अभ्यासक्रमातील विद्यापीठ बदल

विधी अभ्यासक्रमातील विद्यापीठ बदल म्हणजे कायद्याची पदवी पूर्ण होण्यापूर्वी एका विद्यापीठातील प्रवेश सोडून दुसऱ्या विद्यापीठात त्याच अभ्यासक्रमाच्या पुढील वर्षाला प्रवेश घेणे होय. व्यवहारात यास ‘मायग्रेशन’ असेही म्हणतात. असा प्रवेश देणे वा नाकारणे हे स्वीकारणाऱ्या विद्यापीठाच्या नियमांवर व रिक्त जागांवर अवलंबून असते. कुटुंबाचे स्थलांतर, आजारपण, शुल्काचा भार, अध्यापनाविषयीचे असमाधान किंवा अधिक नामांकित संस्थेची ओढ ही त्यामागील नेहमीची कारणे आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये, तर पुण्यातील आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ (आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापन होईपर्यंत ही दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती. त्यामुळे पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय बदलत असे; विद्यापीठ मात्र तेच राही. पुढे राज्यात विद्यापीठांची संख्या वाढली आणि एके काळी केवळ महाविद्यालय बदल असलेली गोष्ट विद्यापीठ बदल ठरू लागली.

मुळशी तालुक्यातील लवळे येथे या बदललेल्या स्थितीचे चित्र दिसते. सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचे मुख्यालय या गावी आहे. या विद्यापीठाच्या विधी शिक्षणसंस्था पुणे, नोएडा, हैदराबाद व नागपूर येथे असून पुण्यातील संस्था १९७७ पासून कार्यरत आहे. ती लवळ्यात नसून विमाननगर येथे आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ अन्वये २००२ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परिणामी पुणे शहरातल्या शहरात एका विधी महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे हेही आज दोन स्वतंत्र विद्यापीठांमधील स्थलांतर ठरू शकते.

नियामक चौकट

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार विधी शिक्षणाचा दर्जा विद्यापीठांशी विचारविनिमय करून ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे (बार कौन्सिल ऑफ इंडिया) आहे. परिषदेच्या विधी शिक्षण नियमावली, २००८ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा असे दोन अभ्यासक्रम मान्य आहेत.

या नियमावलीतील नियम १३ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखाद्या विषयातील पदवी असल्याच्या आधारे एकात्मिक अभ्यासक्रमाच्या मधल्या वर्षात थेट प्रवेश घेता येत नाही. तसेच या दुहेरी पदवीचे विभाजन करून मध्येच एक पदवी घेऊन बाहेर पडण्यासही मनाई आहे. हा ‘थेट प्रवेश’ आणि विद्यापीठ बदल यांची अनेकदा गल्लत होते. विद्यापीठ बदलात विद्यार्थ्याने आधीची वर्षे मान्यताप्राप्त विधी अभ्यासक्रमातच पूर्ण केलेली असतात.

अभ्यासक्रम समकक्षता

परिषदेने अनिवार्य विषय ठरवून दिलेले असले, तरी ते कोणत्या सत्रात शिकवावेत याचा क्रम विद्यापीठागणिक बदलतो. एका विद्यापीठात पहिल्या वर्षी असलेला संविदा कायदा दुसरीकडे पुढील वर्षी असू शकतो. अशा वेळी विद्यार्थ्यास एखादा विषय पुन्हा शिकावा लागतो किंवा राहिलेल्या विषयाची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते. राज्य बदलल्यास स्थानिक कायद्यांचाही फरक पडतो. महाराष्ट्रात जमीनविषयक कायद्यांच्या अभ्यासात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ येते; इतर राज्यांत तेथील कायदा शिकविला जातो.

कागदपत्रे

सामान्यतः सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, ना हरकत प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र यांची आवश्यकता असते. यांतील क्रम निर्णायक आहे. दाखला काढल्यावर जुना प्रवेश संपुष्टात येतो. त्यामुळे नव्या विद्यापीठाची लेखी संमती हाती येण्यापूर्वी दाखला काढणाऱ्या विद्यार्थ्यावर दोन्हीकडचा प्रवेश गमावण्याची वेळ येऊ शकते.

निर्णयातील विचारणीय बाबी

- वर्षाची हानी : पाच वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच सुटल्यास विद्यार्थ्याच्या हाती कोणतीही पदवी राहत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी आवश्यक असल्याने बारावी उत्तीर्ण एवढ्याच पात्रतेवर त्याला तिकडे वळताही येत नाही.
- अनुत्तीर्ण विषय : मागील सत्रांतील विषय राहिले असल्यास समकक्षता ठरविण्यात अडचण येते.
- शुल्क व शिष्यवृत्ती : महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाशी निगडित आहेत. प्रवेशाचा मार्ग बदलल्यास सवलत कायम राहते का, हे आधीच तपासणे इष्ट ठरते.
- उपस्थिती व प्रत्यक्षानुभव : परीक्षेस बसण्यासाठी विषयनिहाय किमान ७० टक्के उपस्थिती लागते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे प्रत्यक्षानुभव आवश्यक असतो. पूर्ण केलेल्या आठवड्यांची प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात.
- मान्यता : नवी संस्था विधिज्ञ परिषदेची मान्यताप्राप्त असणे अनिवार्य आहे.

वकिलीच्या सनदेसाठी विद्यापीठाचे नाव निर्णायक नसते. परिषदेने मान्य केलेली कोणत्याही भारतीय विद्यापीठाची विधी पदवी असणाऱ्यास महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. अखिल भारतीय बार परीक्षाही सर्वांना सारखीच असते. त्यामुळे केवळ महाराष्ट्रात वकिली करता यावी, एवढ्यासाठी परराज्यातील विद्यापीठ सोडण्याची गरज नसते. याउलट घरची ओढग्रस्त, प्रकृती किंवा संस्थेच्या मान्यतेविषयीची शंका ही कारणे पुढे ढकलल्यास नुकसान वाढते, कारण वरच्या वर्षांत विषयांची जुळणी अधिक कठीण होते.

ऐतिहासिक उदाहरण

शिक्षण खंडित होऊनही लेखी परवानगीमुळे ते टिकल्याचे ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ग्रेज इन येथे कायद्याच्या आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ केला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले; मात्र चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची अनुमती त्यांनी मिळविली होती. १९२० मध्ये ते लंडनला परतले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

हेही पाहा

- भारतीय विधिज्ञ परिषद
- अधिवक्ता अधिनियम, १९६१
- लवळे